धागा: सेवा केंद्रातली चार मशीन – विंडोज, लिनक्स, मॅक, सुरक्षित नेमकं कोणतं?

दुधनाकाठ
रामराम मंडळी. सेलूला (जि. परभणी) ऑनलाइन फॉर्म, पीक विमा, सातबारा, झेरॉक्स असं केंद्र आहे. मशीन चार:

१ – कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७. कॅनन एलबीपी २९०० जोडलेला, फक्त छपाई.
२ – दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच-६१ बोर्ड, ४ जीबी, विंडोज १०. गिऱ्हाइकाचे पेन ड्राइव्ह इथंच लागतात.
३ – आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी, विंडोज १०. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, बँक.
४ – तसाच आय-फाइव्ह, त्यावर टॅली. शेजारच्या आडतीचे हिशेब.

सगळे एका राउटरवर, फोल्डर एकमेकांत शेअर. आता विंडोज १० बंद झालं म्हणायलेत. एक जण म्हणतो लिनक्स टाका, व्हायरसच येत नाही. दुसरा म्हणतो मॅक घ्या, डोक्याला ताप नाही. खरं काय?

बालाघाटी
विंडोज १० बंद झालं म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव अपडेट आहेत. त्यासाठी आवृत्ती २२एच२ लागते, मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन लागतं आणि विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते. आपोआप काही येत नाही. पण हे घरगुती आहे बरं का. धंद्याच्या मशीनसाठी वेगळा, विकतचा परवाना असतो. म्हणून ३ आणि ४ सरळ विंडोज ११ वर न्या, दोन्हींची ऐपत आहे.

१ नंबरचं मात्र आजच नेट काढा. विंडोज ७ ची अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपली. क्रोमसुद्धा १०९ व्या आवृत्तीनंतर त्यावर येत नाही. म्हणजे खालची ओएस (विंडोज, लिनक्ससारखी मूळ प्रणाली) उघडी आणि वरचा ब्राउझरही उघडा.

रात्रपाळी
ओएसची तुलना करायची तर आकडे बघा की. सीव्हीई यादीत (सॉफ्टवेअरच्या सुरक्षा त्रुटींना क्रमांक देणारी यादी) लिनक्स कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, त्रुटी विंडोजपेक्षा कितीतरी जास्त निघायल्यात. मग लिनक्स सुरक्षित कसं?

हुरडा_पार्टी
@रात्रपाळी दादा, तो आकडा तुलनेला लावायचा नाही. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलवाले स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात, आणि सुरक्षेशी संबंध असू शकेल अशा जवळपास प्रत्येक दुरुस्तीला देतात. त्यामुळं यादी फुगली. दुसरीकडं मायक्रोसॉफ्ट आतल्या आत सापडलेल्या सगळ्या गोष्टींना क्रमांक देत नाही. एकानं तुरीचे दाणे मोजले आणि दुसऱ्यानं पोती मोजली, तर ढीग कुणाचा मोठा हे कसं ठरवणार?

बघायचं ते वेगळं. भोक कळल्यापासून तुमच्या मशीनवर ठिगळ लागेपर्यंत किती दिवस जातात? वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आठवा. दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला आली, हल्ला १२ मे ला झाला. मधे दोन महिने होते. ज्या विंडोज ७ नं अपडेट घेतलं होतं तिला त्या भोकातून धक्का लागला नाही, जिनं घेतलं नव्हतं ती गेली. ओएस तीच, हल्ला तोच. सेलूच्या केंद्राला यातून घ्यायचं ते हेच: त्याचा शिरकाव फोल्डर शेअर करायच्या जुन्या पद्धतीतून, एसएमबी-१ मधून होता. तुमच्या चारही मशीनचे फोल्डर एकमेकांत उघडे आहेत, म्हणजे एक पडलं की चारही पडली. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या हा तसाच पसरणारा व्हायरस आला, त्यात मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडकलं. तो तर एका मशीनवरून चोरलेला अ‍ॅडमिन पासवर्ड वापरून शेजारच्या अपडेट केलेल्या मशीनवरही जात होता.

एसएमबी-१ बंद करायला: कंट्रोल पॅनेल, प्रोग्राम्स, "टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ", त्यात "एसएमबी १.०" ची खूण काढा, रीस्टार्ट. नंतर जुनं झेरॉक्स मशीन स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकेना झालं, तर ते एसएमबी-१ वरच चालत होतं असं समजा. त्याला पेन ड्राइव्हवर स्कॅन करायला लावा. खूण परत लावू नका.

मांजराथडी
मी वेगळंच विचारते. या चार विंडोज अस्सल आहेत का? की "अ‍ॅक्टिव्हेटर" (विकत न घेतलेली विंडोज अस्सल भासवणारा प्रोग्राम) मारलेला आहे?

दुधनाकाठ
ताई, १ आणि २ ला अ‍ॅक्टिव्हेटरच हाय. ३ आणि ४ कंपनीकडूनच विंडोजसकट आलेले.

मांजराथडी
मग २ नंबरवर विंडोज किती सुरक्षित ही चर्चाच फोल आहे. अ‍ॅक्टिव्हेटर चालवताना तो पहिल्यांदा काय सांगतो? अँटिव्हायरस बंद करा. पुष्कळदा तो स्वतःच डिफेंडरमध्ये (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये) अपवाद टाकून ठेवतो. आत्ता बघा: विंडोज सिक्युरिटी उघडा, "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन", "मॅनेज सेटिंग्ज", अगदी खाली "एक्स्क्लूजन्स". तिथं तुम्ही न टाकलेला फोल्डर दिसला, किंवा नुसतं सी: एवढंच दिसलं, तर डिफेंडरचा हिरवा टिकमार्क शोभेचा आहे. सगळ्या ड्राइव्हला "इकडं बघू नको" असं सांगून ठेवलेलं असतं.

"लाइट" म्हणून मिळणारी विंडोजही त्यातलीच. रॅम वाचवायला कुणीतरी त्यातून डिफेंडर आणि अपडेट कापलेलं असतं. आणखी काय घातलंय ते तो सांगत नाही. अशा मशीनला साफ करत बसू नका, डिस्क पुसून नव्यानं बसवा.

रात्रपाळी
२ नंबरवर रुफस (पेन ड्राइव्हवरून विंडोज बसवायचा प्रोग्राम) वापरून विंडोज ११ टाकता येतं की. टीपीएमची (विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षा चिपची) तपासणी वगळायची खूणच असते त्यात.

बालाघाटी
टाकता येतं, दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीवर चालतंही. पण मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते मशीन अपात्रच राहतं. दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी हातानं बसवावी लागते. एका वर्षी विसरलात की पुन्हा विंडोज १० चीच गत. १ नंबरच्या कोअर टू ड्युओवर तर विंडोज ११ ची २४एच२ सुरूच होणार नाही. त्या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची सूचना लागते, ती त्यात नाही.

३ आणि ४ चं पक्कं सांगतो. विंडोज + आर दाबून टीपीएम डॉट एमएससी चालवा. "टीपीएम सापडत नाही" म्हटलं तरी घाबरू नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेलचं "पीटीटी", म्हणजे त्यांचं टीपीएम, बंद असतं, ते चालू करा. एएमडी असेल तर "एफटीपीएम".

खरी अडचण पुढंच आहे. आपल्याकडं जोडणारा सी, डी, ई असे तीन-चार भाग पाडून देतो, आणि डिस्क एमबीआर या भाग पाडायच्या जुन्या पद्धतीची असते. विंडोज ११ च्या सिक्युअर बूटला (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) आणि जीपीटी (भाग पाडायची नवी पद्धत) लागते. बदलायला विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची कमांड आहे. आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट, दोन्ही वेळा "अलाउ फुल ओएस" जोडून. व्हॅलिडेट नापास झालं तर कारण बहुतेक हेच: डी आणि ई हे एक्स्टेंडेड भागाच्या पोटातले लॉजिकल ड्राइव्ह असतात आणि ही कमांड तसली डिस्क घेत नाही. मग डी, ई चा माल बाहेरच्या डिस्कवर काढा आणि कोरी स्थापना करा. जुगाड करत बसलात तर टॅलीचा डेटा जाईल.

कन्व्हर्ट झाल्यावर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू व्हायची सोय) बंद, सिक्युअर बूट चालू. हा क्रम उलटा केला तर मशीन सुरू होत नाही आणि डिस्क गेली असं वाटतं. डिस्क कुठं जात नाही, सीएसएम परत चालू केलं की येते.

गोदामाई_४३१
लिनक्सवर "व्हायरसच येत नाही" हे वाक्य खोडतो, मग लिनक्सचीच शिफारस करतो.

२ नंबरला गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवर जे येतं ते बहुतेक शॉर्टकट व्हायरस. तो खरे फोल्डर लपवतो (हिडन आणि सिस्टिम हे दोन्ही गुण लावतो) आणि त्याच नावाचे, तसंच चित्र असलेले शॉर्टकट ठेवतो. गिऱ्हाईक "सातबारा" फोल्डरवर दोनदा टिचकी मारतो. फोल्डर उघडतोही, कारण शॉर्टकट आधी व्हायरस चालवतो आणि मग खरा फोल्डर दाखवतो. नीट बघितलं तर चित्राच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असतो. तीच काय ती खूण. लिनक्स मिंटवर तोच पेन ड्राइव्ह लावला तर लपवलेले फोल्डर सरळ दिसतात, कारण विंडोजचे ते गुण मिंटचा फाइल मॅनेजर मानत नाही. शॉर्टकट नुसत्या फाइली म्हणून पडून राहतात. टिचकी मारली तरी चालत नाहीत.

पण मेलेही नाहीत. त्या तुम्ही शेअर फोल्डरमध्ये कॉपी केल्या आणि ४ नंबरवर उघडल्या की झालं. ज्याला स्वतःला ताप येत नाही असा वाहक.

आणि लिनक्सला स्वतःचे आजार आहेत. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटचंच संकेतस्थळ फोडून १७.३ च्या दालचिनी आवृत्तीची, म्हणजे सिनॅमनची, मागचं दार (चोरवाट) बसवलेली आयएसओ (बसवायची फाइल) तिथून वाटली गेली. म्हणून आयएसओ उतरवली की शा-२५६ बेरीज (फाइलीचा ठसा) ताडून बघायची, हे कटाक्षानं. पीडब्ल्यूएनकिट ही साध्या वापरकर्त्याला रूट (सर्वाधिकारी) करणारी चूक २००९ पासून पीकेएक्झेक या लिनक्सच्या प्रोग्राममध्ये पडून होती, कळली जानेवारी २०२२ मध्ये. आणखी एक, ज्यावर लिनक्सवाले गप्प बसतात: मिंटचं डेस्कटॉप अजून मुळात एक्स-११ वर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर) चालतं. त्यात एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममधली दाबलेली बटणं वाचू शकतो. वेलँड या नव्या यंत्रणेत तसं होत नाही. उबुंटू २४.०४ बहुतेक मशीनवर वेलँडवरच येतं, पण ४ जीबीला जड पडेल.

रात्रपाळी
आणि एक्सझेड?

गोदामाई_४३१
तो तर नमुना आहे. एक्सझेड या फाइली दाबून छोट्या करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार घातलं गेलं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं ते उघड केलं, कारण एसएसएच लॉगिनला (दुरून मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागायला होता. स्थिर आवृत्त्यांमध्ये पोचायच्या आधी सापडलं. कोड उघडा होता म्हणून सापडलं म्हणा, किंवा उघडा असूनही इतकं आत आलं म्हणा. दोन्ही खरं आहे. केंद्राच्या मशीनसाठी अर्थ एवढाच की दीर्घ मुदतीची स्थिर आवृत्ती घ्यायची, "सगळ्यात ताजं" नको.

हुरडा_पार्टी
त्याच पारड्यात दुसरी बाजू टाकतो. १९ जुलै २०२४, क्राउडस्ट्राइक. हल्ला नव्हता, सुरक्षा सॉफ्टवेअरचंच सदोष अपडेट होतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसलेला. मॅकवर अ‍ॅपलनं असल्या सॉफ्टवेअरला आधीच कर्नलबाहेर काढलं होतं. रचनेतला फरक म्हणायचा तर हा म्हणा.

दुधनाकाठ
मॅकचं काय मग? घ्यावं का?

हुरडा_पार्टी
रचना चांगली आहे. सिस्टिमचा भाग वेगळ्या, सही केलेल्या आणि फक्त वाचता येणाऱ्या खंडात (२०२० च्या बिग सरपासून), सॉफ्टवेअर अ‍ॅपलकडून तपासून आलेलं नसेल तर गेटकीपर अडवतो. पण टॅली त्यावर थेट चालत नाही, तुमचा प्रश्न तिथंच मिटला. आणि मॅकवर पासवर्ड चोरणारे प्रोग्राम आता सर्रास आहेत. ते कुठलं कुलूप तोडत नाहीत, खोटी चौकट दाखवून तुमच्याकडूनच पासवर्ड घेतात.

क्रोम ओएस फ्लेक्सही कुणीतरी सुचवेल म्हणून सांगून टाकतो: जुन्या मशीनला चांगलं, स्वतः अपडेट होतं. पण विंडोजचे प्रोग्राम नाहीत, अँड्रॉइड अ‍ॅपही नाहीत. नुसते फॉर्म भरायला ठीक.

मांजराथडी
खोट्या चौकटीवरून आठवलं. ते "मी रोबोट नाही" वालं पान आलं तर सगळ्यांना सांगून ठेवा. पान म्हणतं: विंडोज + आर दाबा, कंट्रोल + व्ही दाबा, एंटर दाबा. त्या पानानं आधीच क्लिपबोर्डवर पॉवरशेलची (विंडोजला थेट आज्ञा द्यायच्या साधनाची) ओळ टाकलेली असते. विंडोज ११ असो, डिफेंडर असो, माणूस स्वतःच्या हातानं चालवतो म्हटल्यावर भिंत कुठं राहिली? मॅकवर त्याचंच भावंड टर्मिनलमध्ये पेस्ट करायला लावतं. निकालाच्या आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी गर्दीत हे हमखास घडतं. कामाला बसणाऱ्या लेकरांना एकच नियम सांगा: कुठलंही खरं संकेतस्थळ विंडोज + आर दाबायला सांगत नाही.

बालाघाटी
आणि म्हणूनच रोजचं खातं अ‍ॅडमिन नको. ३ आणि ४ वर आधी दुसरं खातं तयार करा, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड द्या, एकदा त्यात शिरून बघा. मगच जुन्या रोजच्या खात्याचा प्रकार "स्टँडर्ड युजर" करा. अमुक सॉफ्टवेअर चालेना झालं म्हणून लोक दोन दिवसांत परत अ‍ॅडमिन करतात. त्याचं कारण जुने प्रोग्राम स्वतःच्या प्रोग्राम फाइल्समधल्या फोल्डरमध्ये लिहायला बघतात. तेवढ्या एकाच फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, "युजर्स" ला "मॉडिफाय" द्या. खातं तसंच राहू द्या.

४ वर खंडणीवाल्यांपासून बचावाला "कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस" चालू करा (विंडोज सिक्युरिटी, रॅन्समवेअर प्रोटेक्शन). टॅलीचा डेटा ज्या फोल्डरमध्ये आहे तो संरक्षित यादीत घाला आणि टॅलीला परवानगीच्या यादीत घाला, नाहीतर सकाळी व्हाउचर सेव्हच होणार नाही. दुसरा अँटिव्हायरस बसवलेला असेल तर ही सोय मिळत नाही, कारण ती डिफेंडरची आहे.

गोदामाई_४३१
आता २ नंबरची मांडणी. २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी, शक्य झाल्यास डीडीआर-३ ची अजून एक ४ जीबीची पट्टी. मिंट २२, एक्सएफसीई आवृत्ती, सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, बेरीज ताडलेली आयएसओ. बसवल्यावर तीन गोष्टी: अपडेट मॅनेजरमध्ये स्वयंचलित अपडेट चालू, फायरवॉल चालू, ती मुळात बंद असते, कामासाठी दुसरं साधं खातं, ज्याला सुडो (सर्वाधिकारी आज्ञा द्यायची मुभा) नाही. टाइमशिफ्ट लावा, पण लक्षात ठेवा, तो सिस्टिमची प्रत ठेवतो, तुमच्या फाइलींची नाही.

प्रिंटरचं मात्र खरं सांगतो: एलबीपी २९०० लिनक्सवर छळतो. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो, लिनक्सचा ड्रायव्हर जुना आहे, आज चालला तर पुढच्या अपडेटला अडतो. तो ४ ला जोडा. एचपी १०२० कुठं मिळाला तर २ ला लावा, एचपीलिपमधून (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरमधून) प्लगइन उतरवलं की चालतो.

फाइल २ वरून ४ वर कशी जाणार, इथं दिशा महत्त्वाची. "छपाई" नावाचा एकच फोल्डर २ वर शेअर करा, ४ नं तिथून ओढून घ्यावं. ४ वरचं काहीही शेअर नको. आणि गिऱ्हाइकाची वर्ड किंवा एक्सेल फाइल जशीच्या तशी त्यात टाकायची नाही. २ वर लिबर ऑफिसमध्ये उघडून पीडीएफ करून टाका, मॅक्रो (फाइलीत दडलेला छोटा प्रोग्राम) तिथंच गळून पडतो. आलेली पीडीएफसुद्धा "प्रिंट टू फाइल" नं पुन्हा पीडीएफ करा.

दुधनाकाठ
मराठी जुन्या फॉन्टातल्या फाइली लिबर ऑफिसमध्ये चौकोन-चौकोन दिसत्यात.

गोदामाई_४३१
त्या मशीनवर तो फॉन्टच नाही म्हणून. परवान्याची फॉन्ट फाइल असेल तर होम फोल्डरमध्ये लपलेल्या फॉन्ट्सच्या फोल्डरात टाका, दिसेल. फॉन्टसाठी भलत्या संकेतस्थळावरून "फ्री फॉन्ट पॅक डॉट ईएक्सई" उतरवू नका. फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते, ईएक्सई नसते.

रात्रपाळी
लाइटीचं कुणी बोलेना. संध्याकाळी "अपडेट अँड शटडाउन" दाबलं आणि भारनियमन आलं तर?

बालाघाटी
विंडोज बहुतेक वेळा "अनडूइंग चेंजेस" म्हणत मागं जातं, अर्धा तास द्या, बटण दाबून मारू नका. मिंटचं पॅकेज अर्धवट राहिलं तर टर्मिनलमध्ये डीपीकेजीला "कॉन्फिगर ऑल" ची आज्ञा दिली की पुढचं पूर्ण होतं. ६०० व्हीएचा यूपीएस नीट बंद करण्यापुरता आहे, अपडेट पूर्ण करण्यापुरता नाही. अपडेट सकाळी लावा.

दुसरी गोम: नेट गेलं की आपण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जातो. डेटा वाचवायला कुणीतरी "मीटर्ड कनेक्शन" ची खूण लावतं. ती राहिली की विंडोज बरीचशी अपडेट उतरवतच नाही. मशीन तीन महिने मागं पडलेलं सापडलं तर पहिल्यांदा ती खूण बघा. सगळ्या मशीननी वेगवेगळं उतरवू नये म्हणून "डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन" मध्ये फक्त स्थानिक नेटवर्कची परवानगी द्या. ३ नं उतरवलेलं ४ ला मिळतं.

दुधनाकाठ
मग असं ठरवतो: १ भंगारात, मॉनिटर ठेवतो. २ वर मिंट. ३, ४ वर विंडोज ११. टोकन दिवसभर ३ ला लावूनच असतं, चालतंय का?

मांजराथडी
नाही. सही करायची तेव्हा लावा, झाली की काढा. टोकन लावलेलं आणि पिन आठवणीत ठेवलेली असेल तर त्या मशीनवर शिरलेला कुठलाही प्रोग्राम सही मागू शकतो, ओएस कुठली का असेना. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिसही (ते चालवणारं सॉफ्टवेअर) त्याच्या कंपनीच्या पानावरूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या झिपमधून नको.

बालाघाटी
आणि ३ वर विंडोज ११ कोरं बसवलं, मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत शिरलात, की २४एच२ पासून डिस्कचं एन्क्रिप्शन न विचारता चालू होऊ शकतं. नंतर बायोस अपडेट केलं किंवा पीटीटी बंद-चालू केलं की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती त्या खात्यात जमा असते. ज्यानं मशीन बसवलं त्यानं स्वतःचंच खातं टाकलेलं असेल तर की त्याच्याकडं. खातं केंद्राच्या मालकाचं टाका, की आत्ताच कागदावर छापा, मशीनच्या नावासकट, आणि टॅलीच्या बॅकअपची डिस्क जिथं मशीनपासून काढून ठेवता त्याच कपाटात ठेवा. बायोसला हात लावायच्या आधी एन्क्रिप्शन "सस्पेंड" करा.

दुधनाकाठ
कपाटाला कुलूप हाय. डिस्क मात्र मशीनलाच लावून ठेवायलो होतो, ती काढतो.